बर्मिंगहॅमचा कारखाना आणि हेवी मेटलचा स्वर

धातुकामासाठी विख्यात असलेल्या इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या श्रमिक वस्तीतच हेवी मेटल या वादनशैलीचा उगम व्हावा, यात मला मोठे औचित्य दिसते. 1965 साली तेथील पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या मध्यमा व अनामिका यांची अग्रे यंत्रात सापडून तुटली. आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. खचलेल्या त्या मुलास कारखान्याच्या मुकादमाने जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगीत होरपळून दोन बोटे निकामी झालेली असतानाही जँगो युरोपातील अग्रगण्य गिटारवादक ठरला होता. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चढविले, आणि नेहमीच्या तारा दाबवेनात म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा गिटारीस लावल्या. केवढा हा हुन्नर! 1970 साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला संग्रह निघाला, पुढच्याच वर्षीच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त तारांचा ताण कमी व्हावा म्हणून काही गीतांत त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरविली, आणि त्यातून जो खर्जाचा गंभीर नाद उमटला, तोच पुढे मेटलवादकांच्या अनेक पिढ्यांनी प्रमाण मानला. म्हणून नव्या शिकाऊ वादकांस माझी विनंती आहे, की वेगाच्या मागे लागण्यापूर्वी त्यांनी हा संग्रह गिटार हाती घेऊन, संथपणे, स्वर न् स्वर जुळवीत ऐकावा.