सगळ्या गावातच दुःख असेल तर भाकरी कोणी आणायची?

आजचा विषय जरा जड आहे. माणूस गेल्यावर मागे राहिलेले कसे सावरतात? त्यासाठी आपण जाऊ सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात.

11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे 180 माणसं गेली. वीजकेंद्र बंद पडलं आणि पार मुंबईत अंधार झाला. धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध काय, यावर पुढे जगभर अभ्यास झाला. आपण मात्र आज घरांबद्दल बोलू.

आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. भावकी, शेजारी भाकरी आणतात. सावडायला लोक येतात, दहाव्याला नदीवर जमतात. घरच्यांना काही सुचत नसतं, म्हणून पुढचं काय ते बाकीचे ठरवतात. पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की शेजारचं घर शाबूत आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवतो, कारण एकाच इमारतीत असला तर आगीत दोन्ही जातं. भूकंपात तेच होतं. भाकरी आणणारा शेजारीही ढिगाऱ्याखालीच असतो.

1942 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका नाइटक्लबला आग लागून 492 माणसं गेली. एरिक लिंडेमान या डॉक्टरांनी वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलून 1944 मध्ये लिहिलं, की शोक हेही एक काम आहे, ते टाळलं तर शरीरावरही परिणाम होतो. पुढे 1969 मध्ये एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या पुस्तकातल्या ‘पाच पायऱ्या’ गाजल्या. खरं तर त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. आपण मात्र घरच्यांनाच विचारत बसतो, ‘अजून सावरला नाहीस?’

1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी वेगळं सांगितलं. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करत राहतो. आज शेतावर जाईल, उद्या नुसता बसून राहील. दोन्ही ठीकच. कोयनेत तर जमीन आजही अधूनमधून हलते. ज्याचं घर तेव्हा पडलं, त्याच्यासाठी तो धक्का ‘सौम्य’ कसा असेल?

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. पुन्हा वाडीतल्या वाडीत, एकाच वेळी अनेक घरांत दुःख. अशा वेळी भाकरी बाहेरून यावी लागते. आणि ती तेराव्यानंतरही यायला हवी, कारण तोवर गाड्या आणि कॅमेरे परत गेलेले असतात. वर्षश्राद्धाच्या आसपास एक फोन करा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, विषय टाळू नका. आणि महिनोन्‌महिने झोप, जेवण, काम सगळंच थांबलं असेल, तर त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

भेटू पुढच्या भागात.