संप हरला, डॉक्टर निवडून आला

रात्रपाळी करून हडपसरच्या खोलीवर हे लिहितोय. माझा आजा मुंबईत लालबागला गिरणीत होता, रिंगखात्यात. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती कायमची. मरेपर्यंत तो एकाच माणसाला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणायचा. दत्ता सामंत.

सामंत कोकणातले, जन्म १९३२चा. घाटकोपरला दवाखाना. दगडखाणीतले कामगार औषधाला यायचे. त्यांचं खरं दुखणं बाटलीतल्या औषधानं जाणारं नव्हतं. डॉक्टरनं युनियन बांधली. १९७२ला काँग्रेसचे आमदार झाले, तरी आणीबाणीत तुरुंगात गेले.

गिरणी कामगार आपणहून त्यांच्या दारात गेले. १९४६च्या कायद्यानं मालकाशी बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि त्या संघावर कामगारांचा भरवसा उरला नव्हता. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मालक थांबून राहिले, सरकार हललं नाही. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. उपासमारीनं तो मोडला. तरी १९८४च्या अखेरीस, देशभर काँग्रेसची लाट असताना, गिरणगावानं डॉक्टरला खासदार केलं. आजा म्हणायचा, “त्यानं आमाला इकलं न्हाई.”

खरंय. पण आजा रिंगखात्यातच का होता? साचेखात्यात पगार जास्त. तिथं धोट्यातलं सूत तोंडानं ओढायचं, म्हणून अस्पृश्याला मज्जाव. पुढं मज्जाव सैल झाला, पण बापाच्या ओळखीनं पोरगा लागायचा, बापाच्याच खात्यात. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हेच ठणकावून विचारलं होतं: सगळी खाती आमच्या माणसाला उघडी करणार का? ते संपाचे वैरी नव्हते. १९३६ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ला संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला.

१६ जानेवारी १९९७ला पवईत डॉक्टरला गोळ्या घातल्या. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. डॉक्टरची नियत साफ होती, हे मी आजाच्या तोंडून शिकलो. पण पगाराची लढाई जातीचं खातं आपोआप उघडत नाही, हे बाबासाहेबांकडून शिकलो.

दोस्तहो, उद्या गेटवर कुणी संपाची हाक दिली तर मागं राहू नका. पुढं व्हा. फक्त आत जाताना बाबासाहेबांचा तो सवाल खिशात ठेवा, आणि पहिल्याच सभेत काढा.