‘स्किन’ : एका शब्दाचे स्थलांतर

मानवी देहाचे आवरण दर्शविणारा ‘स्किन’ हा शब्द इंग्रजीत इतका घरगुती झाला आहे की, तो बाहेरून आला असेल अशी शंकाही सहसा येत नाही. प्राचीन इंग्रजीत या अर्थाचे दोन मुख्य शब्द होते : एक आजच्या ‘हाइड’चा पूर्वज आणि दुसरा ‘फेल’. इ. स. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर नॉर्स चाच्यांची धाड पडली. ८६५ मध्ये तर मोठे सैन्यच उतरले आणि पुढे त्यातील अनेकजण उत्तर व पूर्व इंग्लंडात शेतकरी म्हणून स्थायिक झाले. त्यांच्या बोलीतील ‘स्किन्न’ म्हणजे जनावराचे सोललेले कातडे. इंग्रजीच्या मूळच्या ‘स्क’चा ‘श’ झाला होता, नॉर्समध्ये तो टिकला. म्हणूनच ‘शर्ट’ घरचा आणि ‘स्कर्ट’ पाहुणा, परंतु दोन्ही एकाच मुळाचे.

हा पाहुणा प्रथम जनावराच्या कातड्यापुरता वापरला गेला, नंतर माणसाच्या अंगावर चढला. ‘हाइड’ कातडे कमावणाऱ्यांकडे उरला. ‘फेल’ जवळजवळ लोपला. मात्र त्याचा आप्त, पातळ पापुद्र्याचा वाचक शब्द, छायाचित्राच्या काचेवरील लेपाला मिळाला आणि ‘फिल्म’ म्हणून जगभर पसरला.

‘स्किन’च्या मुळाशी सोलण्याची क्रिया आहे, जर्मन ‘शिंडेन’ म्हणजे सोलणे, छळणे. आपल्याकडेही हीच वाट दिसते. संस्कृत ‘कृत्ति’ म्हणजे कातडे, आणि तिचा संबंध कापणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूशी. कातडे पांघरणारा शिव तो कृत्तिवास. मराठीतील ‘कात’ व ‘कातडे’ याच कुळातील.

आज आपण माणसाला ‘त्वचा’ आणि जनावराला ‘कातडे’ देतो. पहिला शब्द सोज्ज्वळ मानला जातो. दुसऱ्याला हात लावणाऱ्या माणसालाच समाजाने शतकानुशतके अस्पृश्य ठरविले. परंतु ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोम ज्यावर कुटला जातो, त्या गाईबैलाच्या कातड्यालाही ‘त्वच्’ हाच शब्द आहे. म्हणजे यज्ञातील पवित्र साधन आणि चर्मकाराच्या हातातील कच्चा माल यांना भाषेने एकच नाव दिले होते. विटाळ शब्दात नव्हता. तो माणसांनी माणसांवर लादला.