टनामागे की एकूण? ‘पॅट’ योजनेची गोष्ट

आजची गोष्ट एका सरकारी योजनेची. नाव ‘पॅट’, म्हणजे परफॉर्म, अचिव्ह अँड ट्रेड. नाव रटाळ आहे, पण तुमच्या घराच्या स्लॅबमधल्या सिमेंटशी तिचा थेट संबंध आहे.

२००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा आला. पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सुरू झाला. फ्रिज-एसीवर स्टार असतात ना, ते देणारा हाच. २०१२ मध्ये या ब्युरोने मोठ्या उद्योगांकडे मोर्चा वळवला. पोलाद, सिमेंट, खत, कागद, वीज अशी ८ क्षेत्रं आणि ४७८ कारखाने. टार्गेट असं, की एक टन माल बनवायला लागणारी ऊर्जा तीन वर्षांत ठरावीक प्रमाणात कमी करा. जास्त वाचवली तर सर्टिफिकेट मिळणार. कमी पडलात तर दुसऱ्याकडून विकत घ्या.

निकाल भारी लागला. टार्गेट होतं साधारण ६७ लाख टन तेलाएवढी ऊर्जा वाचवण्याचं, वाचली जवळपास ८७ लाख टन. पण गोची इथेच झाली. सर्टिफिकेटं वाटली गेली ३८ लाखांवर आणि गरज होती १४ लाखांच्या आसपास. २०१७ मध्ये बाजार उघडला तेव्हा विकणारे ढीगभर, घेणारे मोजके. भाव पडला. टार्गेट सोपं असलं की असंच होतं.

दुसरी अडचण मला डेव्हलपर म्हणून लगेच दिसते. आपण जे मोजतो, तेच सुधारतं. पॅटने मोजली ऊर्जा, कार्बन नाही. सिमेंटची भट्टी कितीही चांगली करा, चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा याचाच. पॅटच्या हिशोबात तो नव्हताच.

म्हणून २०२२ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली. आता थेट उत्सर्जन मोजायचं, पण तेही टनामागे. समजा, टनामागचं उत्सर्जन १० टक्के घटलं आणि उत्पादन दुप्पट झालं, तर एकूण उत्सर्जन ८० टक्के वाढतं! आपल्याला घरं, पूल, रेल्वे अजून बांधायचेत, त्यामुळे एकूण मर्यादा नको म्हणणं मी समजू शकतो. पण मग टार्गेट तरी कडक हवं. नाहीतर २०१७ चाच बाजार पुन्हा भरेल.

तेव्हा ‘उत्सर्जन घटलं’ अशी बातमी दिसली की एकच विचारा, टनामागे की एकूण? चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!