शलमोन आणि लट्टलूरपुराचा स्वामी

कोवळ्या वयात इस्राएलच्या गादीवर आलेल्या शलमोनाने गिबोन इथे देवाकडे धनदौलत मागितली नाही. प्रजेचा न्याय करता यावा म्हणून शहाणपण मागितले, असे बायबल सांगते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात तर राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी काढून ती जन्मभर वाचावी, अशी आज्ञाच आहे. राजासुद्धा कायद्याखालीच!

राष्ट्रकूट घराण्यातला अमोघवर्षही ८१४ च्या सुमारास पोरवयातच राजा झाला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातले मळखेड. पण ८६६ च्या शिरूर शिलालेखात तो लट्टलूरपुराचा स्वामी म्हणवतो. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

८७१ चा संजान ताम्रपट सांगतो, की लोकांवरचे संकट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले. ताम्रपट त्याच्याच दरबारचा, तेव्हा त्यात स्तुती असणारच. तरीही प्रजेसाठी स्वतः झीज सोसणे हे राजाचे भूषण मानले गेले, हे मोलाचे आहे.

शलमोनाचा उत्तरकाळ मात्र विसरता येत नाही. वेठबिगारीने लोक पिचले. मुलगा रहबाम याने जाच आणखी वाढवण्याची भाषा केली आणि राज्य दुभंगले.

याउलट अमोघवर्षाने सुमारे ६४ वर्षे राज्य केले. त्याच्या नावावर असलेल्या ‘प्रश्नोत्तररत्नमालिके’त त्याने विवेकाने राज्य सोडल्याचा उल्लेख आहे.