घाशीरामच्या भिंतीतून पडद्यावर

‘इंडी म्युझिक’ हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला. सिनेमाच्या धंद्याबाहेर, स्वतःच्या हिमतीवर केलेले संगीत पुढे सिनेमात शिरते आणि लोकांच्या तोंडी बसते, ही गोष्ट मात्र पुण्यात पन्नास वर्षांपूर्वी घडून गेली आहे. तिची सुरुवात स्टुडिओत नव्हे, तर भरत नाट्य मंदिरात झाली.

१६ डिसेंबर १९७२ रोजी तिथे ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि संगीत भास्कर चंदावरकरांचे. चंदावरकर पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेले आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. त्यांनी कीर्तन, अभंग, लावणी आणि कोकणातले खेळे एकाच प्रयोगात आणले आणि गायचे काम दिले ते रंगमंचावर रांगेत उभ्या असलेल्या ब्राह्मणांच्या भिंतीला. हे गाणारे मिळवते गवई नव्हते. दिवसा कुणी डॉक्टर, कुणी नोकरदार, आणि संध्याकाळी तालीम. म्हणूनच या गाण्याला नाट्यपदाची नटवी तान नाही, तसा पार्श्वगायनाचा गुळगुळीतपणाही नाही.

एकोणीस प्रयोगांनंतर पी.डी.ए.ने नाटक थांबवले. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये ‘थिएटर अकादमी’ उभी राहिली आणि ‘घाशीराम’ पुन्हा सुरू झाले. ही फारकत झाली नसती तर हे सूर तिथेच विझले असते, असे मला वाटते.

लगेच १९७५ मध्ये ‘सामना’ आला. रामदास फुटाणे निर्माते. पटेल, तेंडुलकर आणि चंदावरकर मात्र तेच. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला, पण गावोगाव पोचले ते त्यातले एक गाणे, ‘कुणाच्या खांद्यावर’. शब्द आरती प्रभूंचे, आवाज रवींद्र साठे यांचा. साठे हे ‘घाशीराम’च्या त्या भिंतीतलेच. सिनेमातला पुरुषी आवाज म्हणजे गोड, आर्जवी, अशी सवय झालेल्या कानांना हा जाड, खर्जातला, जवळजवळ कोरडा आवाज वेगळा लागला. त्याच चित्रपटात खेबुडकरांची लावणी लताबाईंनी गायली आहे. म्हणजे चंदावरकरांनी धंद्याशी काडीमोड घेतला नव्हता. त्यांनी दोन्ही आवाज एकाच रिळात शेजारी ठेवले. हे शेजारपण मला बंडखोरीपेक्षा अधिक धाडसाचे वाटते.

याच्या उलट उदाहरणही पुण्यातलेच आहे. १९७६ मध्ये खुद्द ‘घाशीराम कोतवाल’वर चित्रपट निघाला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप या तरुणांनी ‘युक्त’ नावाच्या सहकारी संस्थेतून तो केला. नट थिएटर अकादमीचे, संगीत चंदावरकरांचेच. नाटकाने देशोदेशी नाव काढले, पण हा चित्रपट सामान्य प्रेक्षकापर्यंत जवळजवळ पोचलाच नाही. सूर तेच, पण त्यांना गावोगाव नेणारी वाट नाही. ‘स्वतंत्र’ संगीताच्या यशाबद्दल बोलताना आपण चालीकडे पाहतो, वितरकाकडे पाहत नाही.

‘सामना’ने उघडलेल्या दारातून पुढे बरेच जण गेले. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, शब्द ना. धों. महानोरांचे, पण ठाकरांच्या त्या गाण्यांत साठ्यांचा आवाज हवाच होता. ‘महानिर्वाण’ला (१९७४) संगीत देणारे आनंद मोडक बँकेतली नोकरी सांभाळून चाली बांधत. ‘तीन पैशाचा तमाशा’त चंदावरकरांबरोबर त्यांचेही संगीत होते आणि त्यात नंदू भेंडे हा रॉक गाणारा मराठीत गायला. मोडक पुढे ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’, ‘मुक्ता’पर्यंत गेले. ‘चौकट राजा’तला ‘एक झोका’ आशाबाईंच्या आवाजात घराघरांत वाजला, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ‘महानिर्वाण’ आठवले असेल?

आणि तो ‘युक्त’चा चित्रपट? बर्लिनमधल्या एका संग्रहात त्याची प्रत राहिली होती. तिच्यावरून तो दुरुस्त करून २०१४ मध्ये तिथेच पुन्हा दाखवला गेला.