ग्विदो ते गोन्साल्विस, मार्गे मळवली

मावळात पाश्चात्त्य संगीत नाही असं कोण म्हणतो? लग्नसराईत कामशेत-वडगावकडे निघणारी कुठलीही वरात पाहा. ट्रंपेट युरोपचा, क्लॅरिनेट युरोपची, सॅक्सोफोन बेल्जियमच्या आडोल्फ साक्सचा (पेटंट १८४६), वादकांच्या टोप्या कुठल्याशा गोऱ्या पलटणीच्या. अस्सल मावळी म्हणाल तर धूळ आणि नवरदेवाचा मामा! ही वरात मुळात निघाली कुठून, याचा छडा मी कॉमर्सच्या पदवीधराला शोभेल अशा रीतीने, म्हणजे जुन्या नोंदी चाळत लावला.

सुरुवात चर्चमध्ये सापडते. पण त्यासाठी युरोपचं तिकीट नको. मळवलीला उतरा, कार्ल्याचा डोंगर चढा, एकवीरेच्या दर्शनाची गर्दी ओसरली की शेजारच्या चैत्यगृहात शिरा आणि एक स्वर लावा. तुम्ही थांबलात तरी तो थांबत नाही. चपळ तान घेतलीत तर तिचा पिठलं-भात होईल. मध्ययुगातल्या दगडी चर्चमध्ये हीच गत. म्हणून तिथलं गाणं संथ, एकसुरी, साथीविना. सगळं तोंडपाठ. गायक तयार व्हायला दहा-दहा वर्षं लागत, अशी कुरकुर अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन साधूने लिहून ठेवली आहे. (आमच्याकडे गुरूने दहा वर्षांत सोडलं तर शिष्याला संशय येतो!) या गृहस्थाने रेघा आखल्या, त्यांवर स्वर बसवले आणि एका स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरं घेऊन त्यांना नावं दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. गाणं कागदावर आलं.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. कागद आला की दोन रकाने आलेच. बाराव्या शतकाच्या सुमारास पॅरिसमध्ये एका गाण्यावर दुसरं गाणं चढवायला लागले. पुढे आवाज तीन झाले, चार झाले. प्रत्येक आपल्या वाटेने जाणार आणि शेवटी ताळा जुळणार! ज्या व्हेनिसमध्ये १४९४ साली पाचोलीचं दुहेरी नोंदीवरचं प्रकरण छापलं गेलं, त्याच व्हेनिसमध्ये १५०१ साली पेत्रुच्चीने अशा गाण्यांचं पुस्तक छापलं. बी.कॉम.ला पाचोली शिकवतात, पेत्रुच्ची शिकवत नाहीत. शिकवला असता तर अकाऊंटन्सीच्या तासाला निदान ठेका तरी धरला असता.

या जमाखर्चाचा सम्राट बाख. लाइपझिगला १७२३ ते १७५० एकाच नोकरीत. सुरुवातीची काही वर्षं जवळपास दर रविवारी नवी रचना, शाळेतल्या पोरांची तालीम, वरिष्ठांशी कागदोपत्री कुरबुरी आणि दोन संसारांतली मिळून वीस मुलं. पुढचे मोझार्ट, बेथोव्हन थोरच. पण आमच्या वर्गातला माणूस म्हणजे बाख.

हा कागद आपल्याकडे आला तो गोव्यातून. १५१० साली पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून पाद्री आले आणि गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरं अक्षरांबरोबर स्वर वाचायला शिकली. प्रार्थनेसाठी शिकवलेली ही विद्या पोटासाठी उपयोगी पडली. संस्थानिकांचे बँड, पलटणी, बोटी, मूकपट, मुंबईची हॉटेलं : जिथे कागद ठेवून वाजवायचं, तिथे गोव्याचा माणूस.

आणि मग जॅझ आला. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांत जन्मलेलं हे संगीत म्हणतं, कागद मिट आणि वाजव. १९३५ साली लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा बँड मुंबईच्या ताजमध्ये उतरला. गोव्याच्या पोरांनी कान टवकारले. चारशे वर्षं वाचायला शिकलेल्यांनी आता न वाचता वाजवायला शिकायचं! हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ते इतकं शिकला की ट्रंपेट हाती घेतल्यावर तो 'चिक चॉकलेट' झाला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

हाच माणूस पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना भेटला. १९५१ सालच्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात, तेव्हा मागे वाजतो तो जॅझ. चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. बहुतेकांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि कुणा सेबॅस्टियन डिसूझाने ती पन्नास-साठ वाद्यांना वाटून द्यायची, रात्र जागून प्रत्येकाचा कागद लिहायचा. पडद्यावर नाव आलं तर आलं, तेही बहुधा 'सहाय्यक' म्हणून. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी खांबाची पावती मिळत होती. सिनेमावाल्यांना स्टुडिओत वही सापडली नाही.

एक नोंद मात्र झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. प्यारेलाल त्यांचा शिष्य. १९५८ साली या गोन्साल्विसांनी हिंदुस्थानी रागांवर पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा केला. ते चाललं नाही. पुढे ते अमेरिकेला गेले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालने गुरूचं नाव थेट गाण्यातच घातलं.

ते गाणं आमच्या वरातीतही वाजतं. परवा क्लॅरिनेटवाल्याला विचारलं, "काय हो, हा गोन्साल्विस कोण?"

"अमिताभ," तो म्हणाला आणि पुढचं कडवं धरलं.